पार्श्वभूमीतला आवाज

तात्या बेंगळुरूला, अक्काकडे, चौथ्या मजल्यावर,
खुब्याचं हाड जुळेस्तोवर.
मी हुपरीत. पॉलिशहून आलेली टोपली, तीनशे जोड,
आणि तराजूच्या पेटीला टेकवलेला मोबाइल.

रोज रात्री नऊनंतर तपासणी.
गल्लीतली पोरं मॅच बघून झोपली
की रेंज जरा मोकळी होते.
तरी तात्यांचं तोंड आधी हलतं, शब्द मागनं येतात,
पंगत उठल्यावर पोचलेल्या पाहुण्यासारखे.
कधी चित्रच गोठतं: डोळे अर्धे मिटलेले, बोट कानाशी.
कधी गालाचे चौकोन चौकोन होतात
आणि मी थांबतो, गाल परत जुळेपर्यंत.

एवढं चालायचं. कारण आवाज यायचा.
तुटका, पत्र्याच्या डब्यातनं आल्यासारखा, पण यायचा.
मी पैंजण हलवायचो, तात्या तिकडनं म्हणायचे,
"कडीपासनं सातवं. मुकं हाय. काढ."
सातवं घुंगरू उचकटलं की आत खरंच
झाळ उतरलेली, गोळी चिकटलेली.

मग परवा अपडेट आलं.
श्रेणिकनं, भाच्यानं, तिकडनं वाचून दाखवलं:
आता मागचा गोंगाट आपोआप जाणार.
कुत्रं, मिक्सर, रस्ता, पंखा, सगळं गाळून
फक्त माणूस ऐकू येणार.
पुढच्या खेपेला आणखीही काय काय येणार आहे म्हणे,
अंधारात बसलं तरी चेहऱ्यावर उजेड पडेल,
नजर कुठंही असू दे, समोरच बघतोय असं दिसेल.
तात्या म्हणाले, "बरं हाय. आता वाजीव."

वाजवलं.
"वाजीव की."
वाजवतोय.
"आरं, हात हलतोय तुझा, पैंजण गप हाय.
तीनशे जोड मुके केलेस काय?"

माझा आवाज लख्ख. इतका लख्ख
की मला धाप लागलेली त्यांना कळली.
चांदी तेवढी गेली.
ज्या आवाजावर पन्नास वर्षं घर चाललं
तो मशीनच्या हिशेबात कुत्र्याच्या शेजारी,
मिक्सरच्या खाली.

मामा, सेटिंगमध्ये असेल बघ, श्रेणिक म्हणाला.
शिरलो सेटिंगमध्ये. तिथं पाठीमागची भिंत पुसून
समुद्र लावता येत होता.
चुकून लागला समुद्र. भट्टी गेली, कॅलेंडर गेलं,
घुंगरू काही आलं नाही.
सकाळी सेलमचा व्यापारी दारात येणार.

मग मी काय केलं ते सांगायला लाज वाटते.
पैंजण कानाशी धरलं, एकेक घुंगरू नखानं हलवलं
आणि जसं ऐकलं तसं तोंडानं म्हणालो,
छुन्. छुन्. छिन्. छुन्.
माणसाचा आवाज. मशीननं वाट दिली.

तात्या ऐकत होते, डोळे मिटून
की गोठून, कळायला मार्ग नव्हता.
मी त्रेचाळीस वर्षांचा, पाठीमागं निळा समुद्र,
घुंगरासारखा बोलतोय.
छुन्. छुन्. छिन्. छुन्.
ठस्.

थांबलो.
ते मी ठरवून म्हटलं नव्हतं, तोंडातनं आलं.
एवढी वर्षं मी नुसतं हलवत होतो. ऐकायचे ते.
"नववं," मी म्हणालो.
पलीकडं चौकोन. चौकोनांत कुठंतरी हसू,
आणि बऱ्याच उशिरानं,
"ऐकलं की. आता पुढचे जोड तूच..."
लाइन गेली.

पडद्यावर आलं: कॉल कसा झाला?
खाली पाच रिकाम्या चांदण्या.
त्या तशाच राहू दिल्या, हात काळे होते.
नववं चिमट्यात धरलं, उचकटलं.
दोनशे नव्व्याण्णव उरले होते.